राष्ट्राध्यक्षाने शब्द टाकावा का? १९३८ सालची एक गोष्ट



बचत गटाची अध्यक्ष बदलायची वेळ आली की बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मावळत्या अध्यक्षबाईंनी 'आता हिला करा' असे सांगावे की गप्प बसावे? काहीजणी म्हणतात, सांगितले तर काय बिघडले? इतकी वर्षे गट त्यांनी चालवला, कोण कामाची आणि कोण नुसती बोलकी, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? दुसऱ्या म्हणतात, त्यांनीच नाव घेतले तर आमच्या हात वर करण्याला काय किंमत राहिली? कर्जाचा अर्ज त्यांच्याच सहीने पुढे जातो. त्यांच्या शब्दाबाहेर जायची छाती कुणाची होणार?

आम्हाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. म्हणून आज ज्या देशात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता, तिथली गोष्ट सांगतो. देश अमेरिका, साल १९३८. शब्द टाकणारे होते खुद्द राष्ट्राध्यक्ष, फ्रँकलिन रूझवेल्ट. आपल्या केंद्रावरून आम्ही कुणाचा प्रचार करत नाही, आणि तसा करताही येत नाही. ही गोष्ट इतिहास म्हणूनच ऐका.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे आमदारकी-खासदारकीचे तिकीट पक्षाचे पुढारी देतात. तिकीट कुणाला मिळाले ते आपल्याला नंतर कळते. अमेरिकेतही पूर्वी असेच होते. बंद खोलीत चार पुढारी बसायचे आणि नाव ठरायचे. लोकांना त्याचा वीट आला. मग विस्कॉन्सिन नावाच्या राज्याने १९०४ साली लोकांचा कौल घेऊन कायदा पक्का केला, की पक्षाचा उमेदवार कोण हेही मतदारच मत टाकून ठरवतील. हळूहळू ही रीत देशभर पसरली. या आधीच्या निवडणुकीला तिथे 'प्रायमरी' म्हणतात. पहिल्या फेरीत एकाच पक्षाचे दोघे-तिघे आपसात लढतात आणि जिंकेल तो पक्षाचा उमेदवार होतो. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ समोरच्या पक्षाशी पडते.

म्हणजे प्रायमरी जन्माला आली ती पुढाऱ्यांच्या हातून तिकीट काढून लोकांच्या हाती द्यायला. आता त्याच प्रायमरीत देशाचा सर्वांत मोठा पुढारी 'याला निवडा, त्याला पाडा' असे सांगू लागला, तर ते योग्य की अयोग्य? वाद तिथे होता.

रूझवेल्ट १९३३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. देश मंदीत बुडाला होता. बँका बंद पडल्या होत्या, गिरण्यांना कुलपे होती, शेतमालाला भाव नव्हता. रूझवेल्टांनी सरकारी खर्चाने कामे काढली. म्हाताऱ्यांना पेन्शन आणि कामगारांना संघटनेचा हक्क देणारे कायदे केले. लोकांशी ते रेडिओवरून बोलत. मोठी भाषणे न ठोकता, शेकोटीपाशी बसून घरच्यांशी बोलावे तसे बोलत. १९३६ साली ते पुन्हा उभे राहिले तेव्हा ४८ राज्यांपैकी ४६ राज्यांनी त्यांना कौल दिला.

एवढे बळ पाठीशी असूनही अडचण घरातच होती. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे बरेच सिनेटर त्यांच्या कायद्यांना आडवे जात. सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचे वरचे सभागृह. आपल्या राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात, तिथले सिनेटर मात्र थेट लोक निवडतात. १९३७ साली रूझवेल्टांनी सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश वाढवण्याचा घाट घातला. कारण न्यायालय त्यांचे कायदे रद्द करत होते. ती योजना त्यांच्या पक्षातल्याच माणसांनी हाणून पाडली. आमच्या मते त्या वेळी विरोध करणाऱ्यांचे काही चुकले नव्हते. पण तेच लोक मजुरीच्या कायद्यालाही आडवे आले, तेव्हा रूझवेल्टांचा संयम सुटला.

हा मजुरीचा कायदा जून १९३८ मध्ये कसाबसा मंजूर झाला. तासाला किमान २५ सेंट मजुरी आणि आठवड्याला जास्तीत जास्त ४४ तास काम. म्हणजे पूर्ण आठवड्याचे ११ डॉलर. सोळा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात जुंपायला बंदी. कायद्यावर सही होण्याच्या आदल्या रात्री, २४ जूनला, रूझवेल्ट रेडिओवर बोलले. दिवसाला हजार डॉलर कमावणारा मालक जर म्हणाला की आठवड्याच्या अकरा डॉलरांनी धंदा बुडेल, तर त्याचे ऐकू नका, असे त्यांनी सांगितले.

त्याच भाषणात त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली. राष्ट्राध्यक्ष म्हणून मी कुणाला अमक्या पक्षाला मत द्या असे म्हणत नाही, पण मी माझ्या पक्षाचा प्रमुखही आहे. १९३६ साली पक्षाने लोकांना काही वचने दिली. ती पाळणारा कोण आणि मोडणारा कोण, अशी सरळ लढत प्रायमरीत असेल तिथे बोलायचा मला हक्क आहे.

मैत्रिणींनो, हा मुद्दा नीट पाहा. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या आहेत. एक देशाची, एक पक्षाची. रूझवेल्ट म्हणत होते, मी पक्षाची टोपी घालून बोलतोय. पण ऐकणाऱ्याला दोन टोप्या वेगळ्या दिसतात का? सासूबाई 'मी सासू म्हणून नाही, मैत्रीण म्हणून सांगते' असे म्हणाल्या, तरी सुनेला ऐकू येते ते सासूचेच.

त्या उन्हाळ्यात रूझवेल्ट आगगाडीने देशभर फिरले. सगळ्यात गाजली ती जॉर्जिया राज्यातली सभा. जॉर्जिया दक्षिणेत आहे, कापूस पिकवणारे राज्य. रूझवेल्टांना पोलिओने पायांचे अधूपण आले होते, आणि तिथल्या वॉर्म स्प्रिंग्ज गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत उपचारासाठी ते वर्षानुवर्षे जात. तिथे त्यांचे छोटे घरही होते. जॉर्जियाला ते आपले दुसरे घर म्हणत, आणि लोकांचेही त्यांच्यावर प्रेम होते. १९३६ साली तिथली शंभरातली ८७ मते त्यांना पडली होती.

११ ऑगस्ट १९३८ रोजी बार्न्सव्हिल या गावी शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्थेचे उद्घाटन होते. त्या काळी अमेरिकेतही दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. खाजगी कंपन्या म्हणत, खेड्यात तार ओढणे परवडत नाही. मग रूझवेल्ट सरकारने १९३५ साली ग्रामीण विजेसाठी वेगळे खाते काढले, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज देऊन तारा ओढायला लावल्या. विहिरीवरून पाणी शेंदणाऱ्या, चुलीवर इस्त्री तापवणाऱ्या बाईसाठी हे किती मोठे होते, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. रूझवेल्टांनी सभेत सांगितले, की वॉर्म स्प्रिंग्जच्या घरी पहिले बिल आले तेव्हा युनिटला १८ सेंट दर होता. न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या घराच्या जवळपास चौपट. या कामाचा विचार त्या बिलातून सुरू झाला.

इथवर सगळे गोड होते. व्यासपीठावर जॉर्जियाचे सिनेटर वॉल्टर जॉर्ज बसले होते. त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत उभे असलेले सरकारी वकील लॉरेन्स कॅम्प हेही तिथेच होते. रूझवेल्ट म्हणाले, जॉर्ज माझे मित्र आहेत, सज्जन आणि विद्वान आहेत, पण बहुतेक सार्वजनिक प्रश्नांवर त्यांची आणि माझी भाषा एक नाही. मला इथे मत असते तर मी कॅम्प यांना दिले असते. सगळ्यांदेखत, तोंडावर. जॉर्ज उठले, त्यांनी हात मिळवला आणि शांतपणे सांगितले की हे आव्हान मी स्वीकारतो.

त्याच दिवशी संध्याकाळी रूझवेल्टांची गाडी शेजारच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात थांबली. तिथले सिनेटर एलिसन स्मिथ यांना लोक 'कॉटन एड' म्हणत, म्हणजे कापूसवाले एड. ते १९०९ पासून सिनेटमध्ये ठाण मांडून होते. गोऱ्यांचे वर्चस्व टिकवणे हाच त्यांचा उघड प्रचार. १९३६ च्या पक्ष अधिवेशनात एक काळा धर्मोपदेशक प्रार्थना म्हणायला उभा राहिला, तर हे तडक उठून बाहेर गेले होते. मजुरीच्या कायद्याचे ते कट्टर विरोधक. दिवसाला पन्नास सेंटमध्ये कुणाचे घर चालेल असे मला वाटत नाही, असा टोला रूझवेल्टांनी त्यांना नाव न घेता हाणला. त्यांच्यासमोर राज्याचे गव्हर्नर ओलिन जॉन्स्टन उभे होते. मेरीलँड राज्यात सिनेटर टायडिंग्ज यांच्याविरुद्धही रूझवेल्टांनी प्रचार केला.

वर्तमानपत्रांनी या साऱ्याला 'सफाई' म्हटले. युरोपात तेव्हा हुकूमशहा विरोधकांचा काटा काढत होते. त्यामुळे हा शब्द लोकांना फार बोचला.

निकाल काय लागला? दक्षिण कॅरोलायनात स्मिथ जिंकले. मेरीलँडमध्ये टायडिंग्ज जिंकले. जॉर्जियात जॉर्ज पहिले आले. दुसरे आले माजी गव्हर्नर टॅलमेज, जे रूझवेल्टांचे आणखी कडवे विरोधक होते. राष्ट्राध्यक्षांनी ज्यांचे नाव घेतले ते कॅम्प तिसरे, शंभरात साधारण २४ मते. ज्या राज्याने रूझवेल्टांना शंभरातली ८७ मते दिली, त्याच राज्याने त्यांच्या शब्दाची ही किंमत केली. फक्त न्यूयॉर्क शहरात ओ'कॉनर नावाचा एक विरोधक प्रायमरीत पडला. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तर समोरच्या रिपब्लिकन पक्षाच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा सुमारे ८० ने वाढल्या.

जॉर्ज निवडून आल्यावर काय झाले तेही ऐका. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्षपद याच जॉर्ज यांच्याकडे आले. इंग्लंडला शस्त्रे पुरवण्याचा १९४१ चा कायदा मंजूर करून घ्यायला रूझवेल्टांना त्यांचीच मदत लागली. ज्याला घराबाहेर काढायला निघाले, त्याच्याच दारात जावे लागले.

मग लोकांनी प्रिय नेत्याचे का ऐकले नाही? एक कारण सोपे आहे. लोक म्हणाले, राष्ट्राध्यक्ष आम्हाला आवडतात, पण आमचा सिनेटर आम्ही ठरवू. बाहेरच्याने येऊन आमच्या घरातला कारभारी बदलू नये. जॉर्ज यांनी प्रचारात हेच सांगितले.

दुसरे कारण खोल आहे, आणि आमच्या दृष्टीने आजच्या गोष्टीचा गाभा तोच. रूझवेल्ट ज्यांच्या बाजूने बोलत होते, ती माणसे मतदानाच्या रांगेत होती का?

नव्हती. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी होती. पक्ष म्हणे, आमची खाजगी संस्था आहे, सभासद कुणाला करायचे ते आम्ही ठरवू. दुसऱ्या पक्षाला तिथे कुणी विचारत नसे, त्यामुळे प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकलीच. म्हणजे काळ्या माणसाला खऱ्या निवडणुकीत मतच नव्हते. त्यावर मतदानाचा कर होता. जॉर्जियात वर्षाला एक डॉलर, आणि थकला तर पुढच्या वर्षांत साचत जायचा. वाट्याने शेती करणाऱ्या कुळाच्या हाती रोख डॉलर दिसायचा कापूस विकल्यावर, आणि तोही सावकाराचे देणे फेडल्यावर उरला तर. त्यामुळे गरीब गोरे शेतकरीही रांगेबाहेर राहिले.

आणि बायका? अमेरिकेत बायकांना १९२० साली मतदानाचा हक्क मिळाला. पण जॉर्जियाच्या कायद्यात एक मेख होती. जी बाई मतदार यादीत नाव घालणार नाही, तिला हा कर माफ. नाव घातले की कर भरा. म्हणजे घरी बसलीस तर डॉलर वाचेल, मत मागितलेस तर डॉलर जाईल. ज्या घरात एकाचा कर भरायची मारामार, तिथे डॉलर कुणासाठी निघाला असेल, हे सांगायला नको. डिसेंबर १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा योग्य ठरवला. बार्न्सव्हिलच्या सभेच्या जेमतेम आठ महिने आधी.

आणखी एक गोष्ट. तासाला २५ सेंटच्या त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया वगळल्या होत्या. दक्षिणेतल्या काळ्या बायका याच दोन कामांत सर्वांत जास्त. ज्यांना मत नव्हते, त्यांना कायद्यानेही वगळले. हा योगायोग नाही. ज्याचे मत नाही त्याच्यासाठी भांडायला सिनेटमध्ये कुणी उठत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, जॉर्जियात खरी अडचण मतदार यादीची होती. मजुरी वाढून ज्यांचे भले होणार, ते बाहेर उभे. मजुरी वाढून ज्यांच्या खिशाला चाट बसणार, ते आत. अशा रांगेपुढे कितीही मोठ्या माणसाने शब्द टाकला तरी तो वाऱ्यावरच जाणार.

याला पुरावा पुढच्या वर्षांत मिळतो. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याच्या खटल्यात गोऱ्यांपुरती प्रायमरी बेकायदा ठरवली. जॉर्जियाने १९४५ साली मतदानाचा कर काढून टाकला, आणि तिथली गोऱ्यांची प्रायमरीही पुढे न्यायालयातच पडली. मग काळ्या मतदारांची नावे यादीत चढू लागली. पूर्ण हक्क मिळायला १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली, पण दार किलकिले झाले ते इथे. ते कुणा राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाने उघडले नाही. मतदानाला गेलेल्या आणि परत पाठवलेल्या साध्या माणसांनी खटले लढून उघडले. आणि कापूसवाले स्मिथ? ते १९४४ च्या प्रायमरीत पडले, त्याच ओलिन जॉन्स्टनकडून. या वेळी राष्ट्राध्यक्षांची आगगाडी तिथे प्रचाराला आली नव्हती.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९३८ मध्ये एका ठिकाणी रूझवेल्टांचा माणूस जिंकलाही. केंटकी राज्यात सिनेटर बार्कली यांच्याविरुद्ध गव्हर्नर चँडलर उभे होते. रूझवेल्ट बार्कलींसाठी आले, तर चँडलर गाडीत शिरून दोघांच्या मधेच जाऊन बसले! लोकांना वाटावे, राष्ट्राध्यक्ष माझ्याही बाजूने आहेत. ही झाली गंमत. पण तिथे जे घडले ते गमतीचे नव्हते. सरकार बेकारांना रस्ते, शाळा बांधायची कामे देत असे, आपल्या रोजगार हमीसारखी. एका पत्रकाराने उघडकीस आणले, की त्या कामावरच्या लोकांवर बार्कलींना मत देण्यासाठी दबाव येतोय. समोरचे चँडलरही मागे नव्हते. त्यांच्या बाजूने राज्याच्या नोकरांकडून प्रचारासाठी पैसे उकळले जात होते. भाकरी हातात धरून मत मागायचे, हा प्रकार दोन्हीकडे चालला होता.

याचा गवगवा झाला. सिनेटने चौकशी केली. आणि १९३९ साली हॅच कायदा आला. सरकारी कामाचे आमिष किंवा भीती दाखवून मत मागणे गुन्हा ठरले. केंद्र सरकारच्या नोकरांना प्रचारात उतरायला बंदी झाली. या बंदीतून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मात्र वगळले. म्हणजे कायद्याने भेद नेमका ओळखला. राष्ट्राध्यक्षाला तोंड उघडायला मोकळीक ठेवली, पण त्याच्या हाताखालच्या यंत्रणेला त्या शब्दामागे उभे राहायला मनाई केली.

पुढचे राष्ट्राध्यक्ष वेगवेगळ्या वाटांनी गेले. रोनाल्ड रेगन यांनी १९८८ साली आपल्या उपराष्ट्राध्यक्षांना जाहीर पाठिंबा दिला तो मे महिन्यात, लोकांनी प्रायमरीत निवड जवळपास उरकल्यावर. बराक ओबामा यांनीही २०१६ साली हिलरी क्लिंटन यांचे नाव जूनमध्ये, लढत संपत आल्यावरच घेतले. डोनाल्ड ट्रम्प मात्र ऐन लढतीत नाव घेतात. २०१७ साली अलाबामा राज्यात त्यांनी नाव घेतलेला माणूस पडला, आणि २०१८ साली फ्लोरिडात जिंकला. म्हणजे मोठ्याचा शब्द कधी चालतो, कधी आपटतो. चालला म्हणून योग्य ठरत नाही, आणि आपटला म्हणून अयोग्य ठरत नाही.

मग आमचे मत काय? राष्ट्राध्यक्षाला बोलायची मुभा असावी. पक्षाने लोकांना वचन दिले आणि पक्षाचाच माणूस ते मोडत असेल, तर तसे उघड सांगणे हा दोष नव्हे. बार्न्सव्हिलला रूझवेल्ट जॉर्ज यांच्या तोंडावर बोलले, आणि जॉर्ज यांनी तोंडावर उत्तर दिले. मागच्या दाराने तिकीट कापण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. पण वीज आणल्याच्या सोहळ्यात ते बोलायला नको होते. तार शेतकऱ्याच्या हक्काची, कर्ज देशाच्या तिजोरीतले. त्याच मांडवात मत मागितले की उपकाराची छाया पडते. केंटकीत तर छाया राहिली नाही, सरळ हातच पडला.

आपल्या गटालाही हे लागू आहे. मावळत्या अध्यक्षबाईंना काही सांगायचे असेल तर भर बैठकीत सांगू द्या, कारणासह. घरोघरी कानात नको. ज्या दिवशी कर्ज वाटप, त्या दिवशी निवड नको. आणि हात वर करण्यापेक्षा चिठ्ठ्या टाका, म्हणजे कुणाला कुणाच्या डोळ्याकडे बघावे लागणार नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. निवडीच्या दिवशी सभासदांची वही उघडा आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. वाडीवरची, वस्तीवरची, ऊसतोडीला गेलेली, हप्ता थकला म्हणून लाजेने येईनाशी झालेली, सगळ्यांची. जी आली नाही तिला निरोप पोचला होता का, ते विचारा. जिचे नाव वहीतच नाही, ती का नाही, तेही विचारा. ती उत्तरे मिळाल्यावर मग अध्यक्षबाईंचे म्हणणे ऐकायला बसा.